बिनभटजीची लग्ने लावणारा खासदार

१९६७ च्या लोकसभा निवडणुकीत बीड मतदारसंघाने एका पाहुण्याला निवडून दिले. क्रांतिसिंह नाना पाटील मूळचे कृष्णाकाठचे, आजच्या सांगली जिल्ह्यातील येडेमच्छिंद्रचे. १९५७ साली ते साताऱ्यातून निवडून आले, त्यात नवल नव्हते. परंतु बीड ही परळीच्या वैजनाथाची, अंबाजोगाईच्या योगेश्वरीची, आषाढीला पंढरीची वाट धरणाऱ्या दिंड्यांची भूमी. तिने देवधर्माशी फटकून असणाऱ्या कम्युनिस्ट पक्षाचा उमेदवार का पत्करावा? काँग्रेसविरोधी वारे हे एक कारण खरेच; पण दुसरे, आमच्या मते, खुद्द नानांच्या चरित्रात सापडते.

३ ऑगस्ट १९०० रोजी शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. तलाठ्याची नोकरी मिळाली. १९३० च्या कायदेभंगात ती सोडली, आणि मग सुरू झाल्या त्या तुरुंगाच्या वाऱ्या. वारकरी वळण आणि सत्यशोधक विचार असे दोन्ही संस्कार त्यांच्यावर होते. पहिल्याने त्यांना बोलायला शिकविले, दुसऱ्याने काय बोलावे ते शिकविले. फेटा बांधून ते उभे राहिले की सभेला कीर्तनाचा रंग चढे. दृष्टान्त, विनोद, गावरान भाषा सारे तेच, निरूपणाचा विषय मात्र सावकारी आणि स्वराज्य.

१९४३ च्या सुमारास सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. त्याची तुफान सेना, लुटलेल्या गाड्या, फितुरांना दिलेल्या शिक्षा यांच्याच कथा अधिक सांगितल्या जातात. त्यामानाने ‘गांधी विवाह’ उपेक्षित राहिले, आणि आमच्या दृष्टीने तेच या चळवळीचे अधिक खोल काम होते. शेतकऱ्याचे कर्ज पुष्कळदा मांडवातच जन्म घेते, हे नाना जाणून होते. म्हणून हुंडा, मानपान, वाजंत्री आणि भटजी यांना फाटा मिळाला. हार, साक्षीला जमलेला गाव आणि वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद तेवढे राहिले. कल्पना नवी नव्हती. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासूनच पुरोहिताविना विवाह लावले होते. पण ब्राह्मणेतर चळवळीचा शिक्का असलेली ही रीत सर्व जातींच्या दारी नेण्यासाठी तिला गांधींचे नाव लाभले, हा व्यवहारातला मोठा शहाणपणा होता.

यात दांभिकता आहे, असा आक्षेप दोन्हीकडून येऊ शकतो. श्रद्धाळू म्हणेल, देवाशिवाय संस्कार कसला? कडवा बुद्धिवादी म्हणेल, मग मांडव तरी कशाला? वस्तुतः मांडवाची गरज देवाला नसते, माणसाला असते. भूमिगत असतानाच नानांची आई वारली. घरादारावर जप्ती आणि डोक्यावर इनाम असताना, पकडले जाण्याचा धोका पत्करून त्यांनी तिचे अंत्यसंस्कार केले. कर्मकांडावर आसूड ओढणाऱ्या माणसाने ते का केले, हा प्रश्न कृष्णाकाठी कोणाला पडल्याचे ऐकिवात नाही.

६ डिसेंबर १९७६ रोजी नाना गेले. पुढच्याच वर्षी बीडने गंगाधरअप्पा बुरांडे या मार्क्सवादी कम्युनिस्टाला लोकसभेत पाठविले. म्हणजे १९६७ चा कौल अगदीच अपघात नव्हता. मते मिळाली, लग्ने मात्र बदलली नाहीत. आजही दसरा झाला की या जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या किती तरी जोडप्यांनी मुकादमाकडून घेतलेली उचल मुलीच्या लग्नात गेलेली असते, आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. त्या लग्नाच्या पत्रिकेवर पुढाऱ्यांची नावे ओळीने छापलेली असतात, आणि अक्षता पडण्यापूर्वी त्यांची भाषणेही होतात. बिनहुंड्याच्या, हारतुऱ्यांत उरकलेल्या लग्नाला त्यांपैकी कोणी आवर्जून आल्याचे मात्र क्वचितच दिसते.