रुडॉल्फ डिझेल ह्यांचा जीवनवृत्तान्त

ट्रॅक्टर, मालमोटारी व शेतावरील इंजिने ज्या तेलावर चालतात त्यास आपण सर्व डिझेल म्हणतो. हे मूळचे तेलाचे नाव नसून एका मनुष्याचे नाव आहे, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. शिवाय त्या मनुष्याने आपले इंजिन कोणत्याही एका तेलाशी बांधून ठेविले नव्हते. ह्या गृहस्थांचे चरित्र बोधप्रद आहे, म्हणून ते आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

रुडॉल्फ ह्यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरी झाला. आईबाप जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे. बाप चामड्याच्या जिनसा करणारा कारागीर. १८७० साली फ्रान्स व जर्मनी ह्यांमध्ये युद्ध जुंपले, तेव्हा ह्या कुटुंबास पॅरिस सोडून लंडनास जावे लागले. तेथे दारिद्र्यामुळे बारा वर्षांच्या मुलास आईबापांनी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे नातलगांकडे धाडिले. मुलाने अभ्यासात चित्त घातले आणि १८७५ साली शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या विद्यालयात गेला. १८७९ मध्ये विषमज्वराने परीक्षा हुकली. तरी पुढल्या वर्षी तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला.

म्युनिक येथे कार्ल फॉन लिंडे हे त्यांचे गुरू होते. वाफेच्या इंजिनात जळणाच्या शंभर भाग उष्णतेपैकी फार तर दहा भाग कामास येतात, बाकीची वाया जाते, हे गुरूंपासून ऐकल्यावर ही नासाडी थांबविण्याचा ध्यास शिष्याने घेतला.

पुढे डिझेल ह्यांनी लिंडे ह्यांच्या बर्फाच्या यंत्रांचे काम पॅरिस येथे पतकरले. त्या यंत्रांत अमोनिया नावाचा वायू वापरीत. गोठ्यात मूत्र साचले म्हणजे जो उग्र दर्प नाकात शिरतो तो ह्याच वायूचा होय. पाण्याच्या वाफेऐवजी अमोनियाच्या वाफेने इंजिन चालवावे म्हणून डिझेल कित्येक वर्षे झटले. तो प्रयत्न सिद्धीस गेला नाही. परंतु त्यातूनच दुसरा विचार निघाला. सायकलीत हवा भरताना पंप तापतो, हे सर्वांनी पाहिले आहे. हवा फारच दाबली तर ती इतकी तापते की, तीत तेल सोडताच ठिणगीवाचून पेट घेते. अमोनियाच्या जागी अशी दाबलेली हवा घ्यावी, हे त्यांनी ठरविले आणि १८९२ साली पेटंटासाठी अर्ज केला.

आउग्सबुर्गच्या कारखान्याने साहाय्य दिले. १८९३ च्या पहिल्या चाचणीत दाब मोजण्याचे उपकरण फुटून तुकडे उडाले. तरी धीर न सोडता ते चार वर्षे खपले. १८९७ च्या फेब्रुवारीत जाहीर परीक्षा झाली. तीत शंभरापैकी सव्वीस भाग उष्णता कामी आली.

मोठ्या कारखान्यांपुढे लहान कारागीर टिकावा, त्यास स्वस्त इंजिन मिळावे, ही डिझेल ह्यांची इच्छा होती. आरंभी कोळशाची भुकटी जाळण्याचाही त्यांचा बेत होता, परंतु तो साधला नाही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांच्या पद्धतीचे एक लहान इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालले, आणि ते इतके सुरळीत की, पाहणाऱ्यांपैकी थोड्यांनाच तो भेद कळला. ज्या देशात जे पिकते त्यावर त्या देशाने आपली इंजिने चालवावी, हा विचार डिझेल ह्यांनी १९१२ साली पुन्हा मांडला. परंतु खनिज तेल स्वस्त झाले आणि तो विचार मागे पडला.

जळणाची नासाडी थांबविणाऱ्या ह्या पुरुषास स्वतःच्या पैशाची नासाडी मात्र थांबविता आली नाही. व्यवहारात बुडून ते कर्जात सापडले. २९ सप्टेंबर १९१३ रोजी ते ॲन्टवर्प बंदरात आगबोटीवर चढले, ते इंग्लंडास पोहोचलेच नाहीत. काही दिवसांनी समुद्रात एक प्रेत सापडले, त्याजवळच्या वस्तू मुलाने ओळखल्या. मृत्यू कसा आला ह्याचा निर्णय कधीच लागला नाही.

असो. त्यांचा मागे पडलेला विचार संकटकाळी पुन्हा पुढे आला. १९४३ साली युद्धामुळे तेल मिळेना, तेव्हा बेल्जममध्ये मोटारबसेस अमोनिया व कोळशाचा वायू ह्यांवर चालविल्या गेल्या. आता तर जहाजांच्या इंजिनांसाठी अमोनियाचे प्रयोग जोराने चालले आहेत. २०२४ च्या मार्चात सिंगापूर बंदरात एका जहाजाने अमोनिया व डिझेल मिळून जाळले. ह्या वायूत कार्बन नसल्याने तो जळताना कार्बनचा धूर निघत नाही, हा त्याचा गुण. परंतु तो विषारी आहे, सहज पेटत नाही, आणि सावकाश जळतो. म्हणून आधी थोडे डिझेल पेटवून त्या ज्वाळेने त्यास पेटवावे लागते. शिवाय आज बहुतेक अमोनिया खनिज वायू व कोळशापासूनच करितात. तोवर धूर केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेला असे होते. बियांच्या तेलाचेही तसेच. ते घट्ट असते. त्यावर रासायनिक संस्कार न करिता इंजिनात ओतल्यास कीट बसून इंजिन बिघडते. आमच्या शेतकरी बंधूंनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

कोणतेही जळण फुकट मिळत नाही, हा ह्या चरित्राचा एक बोध. दुसरा असा की, अमोनियात गेलेली डिझेल ह्यांची वर्षे त्यांना व्यर्थ वाटली असतील. परंतु त्याच श्रमांतून त्यांचे इंजिन निघाले, आणि ज्या वायूपाशी ते हरले तोच वायू आज त्यांच्या इंजिनाच्या दाराशी येऊन उभा आहे.