टाकाने झुंजलेला संपादक

आमच्या गोलबाजाराच्या या नगरीतून 1996 साली ‘कार्टून वॉच’ हे व्यंगचित्रांना वाहिलेले मासिक निघाले. व्यंगचित्रांचा विषय निघाला की आम्हां मराठीजनांस शंकरराव किर्लोस्करांचे स्मरण व्हावे, हे साहजिकच. 1891 साली जन्मलेले शंकरराव चित्रकला शिकले आणि काका लक्ष्मणरावांच्या किर्लोस्करवाडीस आले. नांगरांच्या या कारखान्याचे वार्तापत्र म्हणून 1920 साली त्यांनी काढलेली ‘किर्लोस्कर खबर’ पाहता पाहता समाजसुधारणेचे मासिक बनली. बुवाबाजी, अस्पृश्यता, रूढींचे जाच यांवर त्यांचा टाक निर्भयपणे चालला. व्याख्यान ऐकून संतापणारा सनातनीही चित्र पाहून आधी हसत असावा, असे आम्हांस वाटते! ‘टाकांच्या फेकी’ हा त्यांचा व्यंगचित्रसंग्रह. ‘स्त्री’ 1930 साली, ‘मनोहर’ 1934 साली निघाले. 1975 च्या पहिल्याच दिवशी ते निवर्तले.