कल्याणीचा विज्ञानेश्वर

आजोबा वारल्यानंतर आमच्या घरी हक्कसोडपत्राचा कागद आला. घरात शिकलेली मी एकटीच, म्हणून तो वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. आत्याने निमूटपणे ऐकले आणि याचा अर्थ काय म्हणून मला विचारले. मी तेच वाक्य पुन्हा वाचले. अर्थ मला सांगता आला नाही. दुसऱ्या दिवशी आत्याने अंगठा दिला.

कायद्यातील शब्दाचा अर्थ लावणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे पुढे ग्रंथालयात विज्ञानेश्वराची ओळख झाली तेव्हा मला कळले.

विज्ञानेश्वर आपल्याला परका नाही. तो कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा. हे गाव कर्नाटकात असले तरी निलंग्याहून फार दूर नाही. तेथून राज्य करणाऱ्या चालुक्यांच्या काळातील मंदिरे आपल्या नांदेड जिल्ह्यात होट्टल येथे उभी आहेत. विज्ञानेश्वर पद्मनाभभट्टांचा मुलगा. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (इ. स. १०७६ ते ११२६) त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. तो संन्यासी होता. घरदार सोडलेल्या माणसाने घरादाराच्या वाटणीचा कायदा सांगितला, याचे मला फार नवल वाटले.

त्याच्या आयुष्याची याहून अधिक माहिती थोडीच मिळते. त्याचे खरे चरित्र त्याच्या ग्रंथातच आहे. स्मृतीत निपुत्रिकाचे वारस सांगताना आईबापांसाठी ‘पितरौ’ असा एकच शब्द आहे. आधी कोण? विज्ञानेश्वराने व्याकरणाने तो समास सोडवला आणि आईला पहिले स्थान दिले. स्त्रीधनाच्या यादीच्या शेवटी ‘आद्य’, म्हणजे ‘इत्यादी’, असा शब्द येतो. त्यात त्याने वारसाने, खरेदीने व वाटणीने मिळालेले धनही बसवले. थोरल्या मुलाला जादा वाटा देण्याचे वचन शास्त्रात होते. पण लोकांना जे नकोसे झाले ते आचरू नये, असा निर्णय त्याने दिला. ‘सपिंड’ या शब्दातील पिंड म्हणजे श्राद्धातील पिंड, असा अर्थ बंगालच्या जीमूतवाहनाने ‘दायभागा’त घेतला. विज्ञानेश्वराने पिंड म्हणजे शरीर असे मानून रक्ताच्या नात्याला महत्त्व दिले. एका शब्दाच्या दोन अर्थांवर देशात वारसाहक्काच्या दोन परंपरा उभ्या राहिल्या!

अर्थात, त्यालाही काळाची मर्यादा होतीच. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून हक्क मुलाला मिळाला, मुलीला नाही. पुढे १८१० साली कोलब्रुकने मिताक्षरेतील वारसाहक्काचा भाग इंग्रजीत आणला. परंतु स्त्रीधनाचा एवढा व्यापक अर्थ प्रिव्ही कौन्सिलने मानला नाही. वारसाने मिळालेली जमीन बाईची पूर्ण मालकीची व्हायला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा यावा लागला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ साली, आणि तोही तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरता, मिळाला. साऱ्या देशात तो २००५ साली आला.

म्हणजे आत्याचा हक्क कागदावर होता. तिला तो सांगणारे कोणी नव्हते. मला वाचता येत होते, पण नुसत्या वाचण्याने कागद कळत नाही. मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे कागद येतील आणि ते आपल्याच हाती दिले जातील. तेव्हा नुसते वाचून थांबू नका, अर्थही सांगा. आत्याला मी तो सांगितला, पण अंगठा दिल्यानंतर. ती काही बोलली नाही. तिने माझी पाठ तेवढी थोपटली.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष