विश्लेषण : वंशद्वेष मतपेटीपर्यंत कसा पोहोचतो? जॉर्ज वॉलेस यांची कारकीर्द काय सांगते?

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की एक प्रश्न हमखास चर्चेत येतो. मतदार धोरणे पाहून मत देतात, की उमेदवाराच्या आणि त्याच्या समर्थकांच्या कातडीचा रंगही मनात असतो? मतदान गुप्त असते आणि आपण द्वेषापोटी मत दिले, असे कोणी कबूल करत नाही. त्यामुळे याचे थेट उत्तर मिळत नाही. मात्र अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस (१९१९-१९९८) यांच्या कारकीर्दीत हा प्रश्न अनेकदा प्रत्यक्ष मतपेटीतून तपासला गेला. अध्यक्षपदासाठी ते चार वेळा रिंगणात उतरले. वंशद्वेषाच्या बळावर ते देशभर पोहोचले आणि गव्हर्नरपदाची शेवटची निवडणूक मात्र कृष्णवर्णीय मतदारांच्या साथीने जिंकले. हे कसे घडले?

वॉलेस कोण होते?

जॉर्ज वॉलेस यांचा जन्म २५ ऑगस्ट १९१९ रोजी अलाबामातील क्लायो या छोट्या गावात झाला. शाळेत असताना ते मुष्टियुद्ध खेळत आणि राज्य पातळीवर विजेतेही ठरले. अलाबामा विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतल्यावर दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बी-२९ बॉम्बफेकी विमानात फ्लाइट इंजिनीअर म्हणून काम केले. युद्धावरून परतताच ते राज्याच्या विधिमंडळात निवडून आले आणि १९५३ मध्ये न्यायाधीश झाले.

या काळातले वॉलेस त्या राज्याच्या मानाने मवाळ समजले जात. जे. एल. चेस्टनट या कृष्णवर्णीय वकिलांनी पुढे सांगितलेली आठवण बोलकी आहे. आपल्याला भर न्यायालयात मिस्टर म्हणून संबोधणारे पहिले न्यायाधीश वॉलेस होते, असे ते सांगत. ज्या राज्यात कृष्णवर्णीय माणसाला नुसत्या नावाने हाक मारण्याची रीत होती, तिथे ही साधी गोष्ट नव्हती.

१९५८ च्या पराभवाने काय बदलले?

१९५८ मध्ये वॉलेस गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. त्या काळी अलाबामात डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवणे म्हणजेच निवडणूक जिंकणे होते. त्यांच्यासमोर जॉन पॅटरसन होते. राज्याचे महाधिवक्ता असताना पॅटरसन यांनी एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे राज्यातील काम न्यायालयामार्फत बंद पाडले होते. कू क्लक्स क्लान त्यांच्या पाठीशी होती, तर एनएएसीपीचा कल वॉलेस यांच्याकडे होता. वॉलेस रस्ते, शाळा आणि उद्योगांबद्दल बोलत राहिले आणि हरले.

या पराभवाचा त्यांनी काढलेला अर्थ सरळ होता. वंशाच्या मुद्द्यावर यापुढे कोणालाही आपल्यापेक्षा कडवे होऊ द्यायचे नाही, असे त्यांनी सहकाऱ्यांना सांगितले. १९६२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले ते शाळा-महाविद्यालयांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना वेगळेच ठेवण्याचे वचन देत. या वेळी ते मोठ्या फरकाने जिंकले. १४ जानेवारी १९६३ रोजी शपथविधीच्या भाषणात त्यांनी वंशविभाजन कायमचे राहील, अशी घोषणा केली. हे भाषण लिहिणारा एसा कार्टर क्लानशी जोडलेला होता.

इथे एक बाब लक्षात घ्यायला हवी. वॉलेस यांच्या मनात किती द्वेष होता, हा वादाचा विषय आहे. मात्र कोणत्या भाषेला मते मिळतात, याचा हिशेब त्यांनी मांडला होता.

तेव्हा मतदार कोण होते?

हा हिशेब जुळत होता, कारण मतदारयादीच अपुरी होती. १९६० च्या सुमारास अलाबामाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. तरी मतदानासाठीचा कर, साक्षरता चाचणी, नोंदणी कार्यालयातील अडवणूक आणि मारहाणीची भीती यांमुळे बहुतेकांची नोंदणीच होत नसे. १९६५ च्या सुरुवातीला मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम १९ टक्के लोक यादीत होते. ज्यांच्याविरुद्ध बोलायचे त्यांच्याकडे मतच नसेल, तर बोलणाऱ्याचे राजकीय नुकसान शून्य.

११ जून १९६३ रोजी व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड हे दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी अलाबामा विद्यापीठात प्रवेशासाठी आले. वॉलेस स्वतः दारात उभे राहिले. अध्यक्ष जॉन केनेडी यांनी राज्याचे नॅशनल गार्ड केंद्राच्या ताब्यात घेतल्यावर ते बाजूला झाले आणि दोघांना प्रवेश मिळाला. म्हणजे प्रत्यक्षात वॉलेस हरले. मात्र ते दृश्य देशभर टीव्हीवर दिसले आणि एका राज्याचा गव्हर्नर राष्ट्रीय नेता झाला.

त्याच वर्षी १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅममधील चर्चमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटात चार कृष्णवर्णीय मुलींचा जीव गेला. ७ मार्च १९६५ रोजी सेल्मा येथे मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चावर वॉलेस यांच्याच राज्य पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधुराचा मारा केला. त्याचीही दृश्ये घराघरांत पोहोचली. मात्र या वेळी परिणाम उलटा झाला. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायदा लागू झाला.

उत्तरेकडील राज्यांत मते कशी मिळाली?

वंशद्वेष हा फक्त दक्षिणेचा रोग आहे, असे तेव्हा उत्तरेतील अनेकांना वाटत होते. १९६४ मध्ये वॉलेस यांनी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याविरोधात तीन राज्यांच्या प्राथमिक फेऱ्या लढवल्या आणि हा समज मोडला. विस्कॉन्सिनमध्ये त्यांना सुमारे ३४ टक्के, इंडियानात जवळपास ३० टक्के, तर मेरीलँडमध्ये सुमारे ४३ टक्के मते मिळाली.

तिथे त्यांची भाषा वेगळी होती. कृष्णवर्णीयांविरुद्ध थेट बोलणे त्यांनी टाळले. आपले घर कोणाला विकायचे हे सरकारने का ठरवावे, कारखान्यातील ज्येष्ठतेचे काय होणार, आपल्या वस्तीतील शाळेत न्यायाधीशांनी का ढवळाढवळ करावी, असे प्रश्न ते विचारत. त्या वेळी सिनेटमध्ये नागरी हक्क विधेयकावर चर्चा सुरू होती. त्यामुळे या प्रश्नांचा रोख कोणाकडे आहे हे ऐकणाऱ्याला कळत असे आणि सांगणाऱ्याला मात्र नाकारता येत असे. वॉलेस यांनी अमेरिकी राजकारणाला दिलेली ही सर्वांत टिकाऊ गोष्ट.

१९६८ मध्ये नेमका डाव काय होता?

१९६६ मध्ये राज्याच्या नियमानुसार वॉलेस यांना लगेच पुन्हा गव्हर्नर होता येत नव्हते. त्यांनी पत्नी लर्लीन यांना उभे केले आणि त्या निवडून आल्या. ७ मे १९६८ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. काही आठवड्यांतच वॉलेस प्रचाराला परतले. या वेळी ते अमेरिकन इंडिपेंडंट पार्टीचे उमेदवार होते आणि पन्नासही राज्यांच्या मतपत्रिकेवर त्यांचे नाव होते.

जिंकण्यासाठी ५३८ पैकी २७० इलेक्टोरल मते लागतात. कोणालाच तेवढी मिळाली नाहीत तर निर्णय प्रतिनिधिगृहाकडे जातो. वॉलेस यांना ही कोंडीच हवी होती, म्हणजे पाठिंब्याच्या बदल्यात नागरी हक्कांच्या अंमलबजावणीत सूट मागता आली असती. सप्टेंबरमधील चाचण्यांत ते २० टक्क्यांच्या वर गेले. मात्र उपाध्यक्षपदाचे उमेदवार जनरल कर्टिस लमे यांनी अण्वस्त्रांबद्दल केलेली वक्तव्ये त्यांना भोवली. कामगार संघटनांनीही अलाबामातील कमी मजुरीचे आकडे छापून कारखान्यांत वाटले.

तरीही निकालात त्यांना १३.५ टक्के, म्हणजे जवळपास ९९ लाख मते मिळाली. अलाबामा, आर्कान्सॉ, जॉर्जिया, लुइझियाना आणि मिसिसिपी ही पाच राज्ये त्यांनी जिंकली. रिचर्ड निक्सन ३०१, ह्यूबर्ट हम्फ्री १९१ आणि वॉलेस ४६ अशी इलेक्टोरल मतांची विभागणी झाली. निक्सन यांनी जेमतेम तीन टक्क्यांच्या फरकाने जिंकलेल्या कॅलिफोर्नियाची ४० मते हम्फ्री यांना गेली असती, तर निक्सन २६१ वर अडकले असते आणि वॉलेस यांचा डाव साधला असता.

त्यांचे सगळे मतदार वंशद्वेषी होते का?

असे म्हणणे सोपे आहे, पण बरोबर नाही. व्हिएतनाम युद्ध, शहरांतील दंगली, वाढती गुन्हेगारी आणि शिकलेल्या वर्गाकडून होणारी उपेक्षा यांचा रागही त्यात होता. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांतील पक्के डेमोक्रॅट कामगारही त्यांच्याकडे वळले होते. मात्र हे सर्व राग एकाच माणसाकडे जमा झाले आणि त्या माणसाची ओळख विद्यापीठाच्या दारातून झाली होती, हेही तितकेच खरे. पूर्वग्रह अनेकदा इतर तक्रारींच्या सोबतीने मत देतो. म्हणूनच तो वेगळा काढून मोजणे अवघड जाते.

याचा धडा मोठ्या पक्षांनीही घेतला. १९७० मध्ये वॉलेस यांना अलाबामातच रोखण्यासाठी निक्सन यांच्या वर्तुळातून प्रतिस्पर्धी अल्बर्ट ब्रूअर यांना गुपचूप ४ लाख डॉलर पुरवले गेले. पहिल्या फेरीत ब्रूअर पुढे होते. मग वॉलेस यांच्या बाजूने कमालीचा विखारी वांशिक प्रचार झाला आणि दुसऱ्या फेरीत ते जिंकले. १९७२ मध्ये निक्सन यांनी संपूर्ण दक्षिण जिंकली. वॉलेस यांची पाच राज्येही त्यात होती.

गोळीबारानंतर काय बदलले?

१५ मे १९७२ रोजी मेरीलँडमधील लॉरेल येथे प्रचारसभेनंतर आर्थर ब्रेमर याने वॉलेस यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यामागे राजकीय विचारापेक्षा प्रसिद्धीची हाव होती. दुसऱ्याच दिवशी वॉलेस यांनी मेरीलँड आणि मिशिगनच्या प्राथमिक फेऱ्या जिंकल्या. मिशिगनमध्ये तेव्हा शाळांत मुलांची सरमिसळ व्हावी म्हणून त्यांना बसने दुसऱ्या वस्तीत पाठवण्याचा वाद पेटला होता. मात्र वॉलेस यांची कंबरेखालची हालचाल कायमची गेली होती.

रुग्णालयात त्यांना भेटायला आलेल्यांत शर्ली चिशोम होत्या. अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला आणि त्याच निवडणुकीत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभ्या असलेल्या त्यांच्या प्रतिस्पर्धी. या भेटीमुळे चिशोम यांच्यावर त्यांचेच समर्थक नाराज झाले. पुढे घरकाम करणाऱ्या महिलांना किमान वेतन मिळवून देणाऱ्या विधेयकासाठी दक्षिणेतील काही सदस्यांची मते वळवायला वॉलेस यांनी मदत केली, असे चिशोम सांगत.

१९७६ चा त्यांचा चौथा प्रयत्न जॉर्जियाच्या जिमी कार्टर यांच्यासमोर फसला. १९७९ मध्ये वॉलेस माँटगोमेरीतील डेक्स्टर अव्हेन्यू चर्चमध्ये व्हीलचेअरवरून गेले. मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर एकेकाळी याच चर्चचे धर्मोपदेशक होते. तिथे जमलेल्या कृष्णवर्णीयांची त्यांनी क्षमा मागितली.

कृष्णवर्णीयांनी त्यांना मते का दिली?

१९८२ मध्ये वॉलेस चौथ्यांदा गव्हर्नर झाले ते कृष्णवर्णीय मतदारांच्या लक्षणीय पाठिंब्यावर. काहींनी त्यांची क्षमायाचना मनापासून स्वीकारली. काहींना समोरचा रिपब्लिकन उमेदवार अधिक धोक्याचा वाटला. काहींनी त्यांना कधीच माफ केले नाही.

पश्चात्ताप खरा होता की नाही, यावर मतभेद राहतील. आकडा मात्र स्पष्ट आहे. मतदान हक्क कायद्यानंतर दोनच वर्षांत, १९६७ पर्यंत अलाबामातील कृष्णवर्णीयांची नोंदणी १९ वरून ५१ टक्क्यांच्या वर गेली होती. त्यामुळे १९६२ ची भाषा १९८२ मध्ये परवडणारी नव्हती. हिशेब करणारा माणूस तोच होता, यादी बदलली होती.

१९९६ मध्ये वॉलेस यांच्या कौटुंबिक प्रतिष्ठानने लर्लीन यांच्या नावाचा धैर्य पुरस्कार व्हिव्हियन मलोन यांना दिला. ज्यांची वाट अडवून वॉलेस प्रसिद्ध झाले, त्याच या मलोन. १३ सप्टेंबर १९९८ रोजी वॉलेस यांचे निधन झाले.

पूर्वग्रह मोजता येतो का?

थेट विचारून फारसा उपयोग होत नाही, म्हणून संशोधक आडवाटेने जातात. पात्र कृष्णवर्णीय उमेदवाराला अध्यक्षपदासाठी मत द्याल का, हा प्रश्न गॅलप ही संस्था १९५८ पासून विचारत आली आहे. तेव्हा होकार देणारे दहातले चारही नव्हते. इलियाना कुझिएम्को आणि एबोन्या वॉशिंग्टन या अर्थतज्ज्ञांनी याच जुन्या उत्तरांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. दक्षिणेतील गोरे मतदार डेमोक्रॅटिक पक्षापासून दुरावले, त्याचे मुख्य कारण वांशिक दृष्टिकोन होता, असा त्यांचा निष्कर्ष होता.

सेथ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ यांनी दुसरी युक्ती वापरली. माणूस सर्वेक्षणात खोटे बोलतो, पण गुगलवर एकटा असताना मनातले टाइप करतो. कोणत्या भागात वंशद्वेषी शब्द जास्त शोधले जातात, हे पाहून त्यांनी २००८ च्या निकालाशी ताडले. पूर्वग्रहामुळे बराक ओबामा यांची देशभरात सुमारे चार टक्के मते घटली, असा त्यांचा अंदाज आहे. ओबामा तरीही जिंकले. चुरशीच्या निवडणुकीत मात्र एवढा फरक निर्णायक ठरू शकतो.

म्हणजे वंशद्वेषाचा मतदानावर परिणाम होतो. तो किती होईल हे मतदारांच्या मनाइतकेच आणखी दोन गोष्टींवर ठरते : उमेदवार त्याला कोणत्या शब्दांत साद घालतो आणि मतदारयादीत कोणाची नावे आहेत. अलाबामातील शेल्बी काउंटीच्या याचिकेवर २५ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मतदान हक्क कायद्यातील एक महत्त्वाची तरतूद निष्प्रभ केली. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची मंजुरी घेण्याचे बंधन त्यामुळे उरले नाही. तेव्हापासून ओळखपत्राची सक्ती, मतदान केंद्रे बंद करणे आणि यादीतून नावे वगळणे यांवरून तिथे सतत खटले सुरू आहेत. १९६२ आणि १९८२ चे वॉलेस शेजारी ठेवून पाहिले, की हे वाद केवळ प्रशासकीय का नाहीत हे कळते.