लेस पॉल : टेपवरचा एको

गिटारवर हे नाव वाचलं असेल, माणूस मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. जन्म 1915, अमेरिकेतलं वॉकेशा. हायस्कूल अर्धवट सोडलेलं. 1948 मध्ये कार अपघातात उजवा कोपर चुरला. हात पुन्हा वाकणार नाही म्हटल्यावर गड्याने तो गिटार धरता येईल अशा कोनातच कायमचा बसवून घेतला!

पुढे बिंग क्रॉस्बीने त्याला अँपेक्सचा टेप रेकॉर्डर दिला. याने त्यात जादा हेड बसवलं. जुन्या आवाजावर नवा चढू लागला. एकोचं गणित सोपं. समजा रेकॉर्ड हेडपासून प्ले हेड 2 इंचांवर, टेपचा वेग सेकंदाला 15 इंच; आवाज सुमारे 133 मिलिसेकंद उशिरा परत येतो.

आजचं डिजिटल डिले युनिट हेच काम मेमरीत करतं. पण नुसता उशीर केला तर ऐकायला कोरडं वाटतं. टेप किंचित डगमगते, प्रत्येक फेरीत आवाजाची धार बोथट होते. हे दोष प्रोग्रॅममध्ये मुद्दाम घालावे लागतात. आहे की नाही गंमत?

लेस 2009 मध्ये गेला, 94 वर्षांचा होऊन. त्याच वर्षापर्यंत सांधे धरलेल्या बोटांनी न्यूयॉर्कच्या क्लबात सोमवारी रात्री वाजवत होता.