रांगेचा हिशोब मांडणारा एर्लांग

रात्रीचे साडेआठ वाजलेत. मेसमध्ये भाजी तयार आहे, ताटं भरपूर आहेत, बसायला जागाही आहे. पण पोळ्या वाढणारा एकच! सगळी रांग त्याच्यासाठी खोळंबलेली. आपण रेक्टरच्या नावाने चार शब्द बोलून मोकळे होतो. एका माणसाने मात्र अशा थांबण्याचं गणित मांडण्यात उभी नोकरी घालवली. त्याचं नाव आग्नर क्रारुप एर्लांग.

एर्लांगचा जन्म १ जानेवारी १८७८ चा, डेन्मार्कमधल्या ल्योनबोर्ग या खेड्यातला. वडील गावातल्या शाळेत मास्तर. पोरगा इतका हुशार, की चौदाव्या वर्षीच कोपनहेगन विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा पास झाला. वय कमी, म्हणून खास परवानगी काढावी लागली. पुढे स्कॉलरशिपवर शिकून १९०१ मध्ये त्याने गणितातली पदवी घेतली आणि वडिलांसारखीच मास्तरकी धरली.

सात वर्षं अशीच गेली. गणितप्रेमींच्या बैठकींना तो न चुकता जायचा. तिथे त्याची गाठ पडली जेन्सनशी. आपल्याला एम-थ्रीमध्ये छळणारी इनइक्वॅलिटी ज्याच्या नावाची, तोच हा जेन्सन! तो कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य इंजिनिअर होता. त्याच्यामुळे १९०८ मध्ये एर्लांग कंपनीत आला.

कंपनीपुढे सवाल साधाच होता. लाइनी कमी टाकल्या तर गिऱ्हाईक खोळंबतं, जास्त टाकल्या तर पैसा वाया जातो. मग नेमक्या किती टाकायच्या? एर्लांगने १९०९ मध्ये पहिला निबंध छापला, १९१७ मध्ये दुसरा. कॉल किती येतात आणि किती वेळ चालतात एवढं कळलं, की किती जण परत जातील आणि किती वेळ थांबतील, ते त्याच्या सूत्रांतून काढता येतं. एकच खिडकी घ्या, येणारे आपल्या मर्जीने येणारे. खिडकी निम्मा वेळ व्यस्त असेल तर एकूण वेळ कामाच्या दुप्पट लागतो. नव्वद टक्के व्यस्त झाली की दहापट!

आणि हा माणूस नुसता कागदावरचा नव्हता. सुरुवातीला हाताखाली कोणी नव्हतं, तेव्हा शिडीवाला कामगार सोबत घेऊन तो रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये स्वतः उतरायचा आणि केबलची मापं घ्यायचा. लग्न केलं नाही. पगाराचा मोठा भाग पुस्तकांवर आणि गरजूंवर खर्च व्हायचा. जवळजवळ वीस वर्षं आजारपणाची रजा माहीत नव्हती. ३ फेब्रुवारी १९२९ रोजी पोटाच्या ऑपरेशननंतर तो गेला, वय अवघं ५१. टेलिफोन ट्रॅफिकच्या एककाला १९४६ मध्ये 'एर्लांग' हे नाव मिळालं, ते बघायला तो नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कॉम्प्युटरवाले, आम्हाला टेलिफोनचं काय? तर लिनक्सची गोष्ट ऐका. ७२०० आरपीएमच्या हार्डडिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. अशा कूर्मगतीच्या डिस्कच्या सगळ्या विनंत्या कर्नलमध्ये एका रांगेत, एका लॉकखाली ठेवल्या तरी कोणाचं अडत नव्हतं. मग सेकंदाला लाखो विनंत्या उरकणाऱ्या एसएसडी आल्या, प्रोसेसरचे कोअर वाढले. आता उलटंच झालं. डिस्क रिकामी आणि सगळे कोअर त्या एका लॉकसाठी ताटकळत उभे. ड्रायव्हर कितीही घासूनपुसून लिहिला तरी फरक पडेना, कारण खरी खिडकी डिस्क नव्हती, लॉक होता. अगदी आपल्या पोळीवाल्यासारखा!

हे मोजून दाखवणारा निबंध २०१३ मध्ये आला. त्याचा पहिला लेखक मथियास ब्योर्लिंग तेव्हा कुठे होता? एर्लांगच्याच कोपनहेगनमध्ये, तिथल्या आयटी विद्यापीठात. उपाय असा, की विनंत्या जमा करायला कोअरगणिक वेगळी रांग, आणि पुढे कंट्रोलरला जितक्या रांगा झेपतील तितक्या. जानेवारी २०१४ मध्ये लिनक्स ३.१३ बरोबर ही व्यवस्था आली आणि २०१९ च्या ५.० मध्ये जुनी एकेरी रांग काढूनच टाकली. जुन्या एएचसीआय कंट्रोलरला एक रांग आणि ३२ आज्ञा एवढंच माहीत होतं. एनव्हीएमईच्या नियमात सुमारे ६५ हजार रांगा बसतात.

यात एक गंमत आहे. एर्लांगच्या गणिताप्रमाणे खिडक्या अनेक असल्या तर सामाईक रांगच फायद्याची. मग लिनक्सने उलटं करून एर्लांगला खोटं पाडलं का? मुळीच नाही. सामाईक रांगेत शिरायलाच एक अरुंद दार लागत होतं, आणि त्या दाराचा वेळ हिशोबात धरायचा राहिला होता.

तेव्हा मित्रांनो, प्रोजेक्ट स्लो चालतोय म्हणून कोड बदलत सुटण्याआधी रांग नक्की कुठे लागलीय ते मोजा. मॅनहोलमध्ये उतरावं लागलं तरी उतरा. आणि मेस कमिटीने पोळ्या वाढायला दुसरा माणूस ठेवावा, ही नम्र विनंती!