ध्यानासाठी जंगलात गेलेले तुकडोजी महाराज ध्यान गावात कसं घेऊन आले?

पहाटेचा अलार्म लावायचा, चार दिवस डोळे मिटून बसायचं आणि पाचव्या दिवशी अलार्म बंद करून झोपायचं. घरच्या घरी ध्यान करू पाहणाऱ्या बहुतेकांची हीच गोष्ट असते. विदर्भातल्या एका संताने यावर शंभरेक वर्षांपूर्वीच विचार केला होता. विशेष म्हणजे त्यांनी स्वतः ध्यानाची सुरुवात घर सोडून, थेट जंगलात जाऊन केली होती.

ते म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. मूळ नाव माणिक. जन्म 30 एप्रिल 1909 चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावचा. घरची गरिबी, शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत. पोराचं लक्ष पाटीपेक्षा भजनात आणि देवळात एकटं बसण्यात जास्त. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. तुकड्या हे नाव त्यांनीच दिलं.

1921 मध्ये आडकोजी महाराज गेले. पुढे काही वर्षांतच या मुलाने घर सोडलं आणि रान गाठलं. सालबर्डी, रामटेक करत तो पोहोचला चिमूरच्या जंगलात. आज हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात येतो आणि ताडोबाला लागून आहे. तेव्हा चांदा जिल्हा म्हणत आणि आजचा गडचिरोलीही त्यातच होता. वाघ-अस्वलांचं हे रान आजही पायी फिरायला सोपं नाही.

रामदिघी आणि गोंदोडा या दोन जागा त्यांच्या साधनेशी जोडल्या गेल्या आहेत. रामदिघीच्या जंगलात एका योग्याने त्यांना गुहेत ठेवून योग शिकवला आणि नंतर ती गुहा पुन्हा सापडलीच नाही, असं सांगितलं जातं. ही गोष्ट श्रद्धेची, तिला पुरावा मागण्यात अर्थ नाही. गोंदोड्याची गुहा मात्र आजही आहे आणि भाविक तिथे जातात.

खरा प्रश्न पुढचा आहे. रानात शांतता मिळाली, मग परत का यायचं?

तुकडोजी महाराज परतले ते हातात खंजिरी घेऊन. गावोगावी भजनं सुरू झाली. 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. तिथल्या दिनक्रमाला दोन खुंट्या होत्या: पहाटे सामुदायिक ध्यान आणि दिवेलागणीला सामुदायिक प्रार्थना. यातला ‘सामुदायिक’ हा शब्द महत्त्वाचा. शेतावर राबणारा माणूस रानात जाऊन बसू शकत नाही. एकट्याचा नेमही कधी ना कधी मोडतोच. पण वेळ ठरलेली असेल आणि शेजारी आधीच येऊन बसला असेल, तर दांडी मारायला लाज वाटते. मोडलेला नेम दुसऱ्या दिवशी पुन्हा धरता येतो तो असा. प्रार्थनेसमोर मूर्ती नसते, एक रिकामं आसन असतं. त्यामुळे कुठल्याही जातीधर्माच्या माणसाला तिथे बसायला अडचण येत नाही.

डोळे मिटून बसणारा माणूस जगाकडे पाठ फिरवतो, हा समज महाराजांच्या बाबतीत तर साफ खोटा ठरतो. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमीचा दिवस. चिमूर पेटलं. सरकारी अधिकारी मारले गेले, गोळीबार झाला, नंतर लष्कराने गावावर अत्याचार केले. या भागात महाराजांच्या भजनांनी लोक आधीच जागे झाले होते. 28 ऑगस्टला त्यांना चांद्यात अटक झाली. आधी नागपूर, मग रायपूर असा तुरुंगवास भोगून ते डिसेंबरमध्ये सुटले.

बाहेर आल्यावर 1943 मध्ये त्यांनी श्रीगुरुदेव सेवा मंडळ काढलं. आता ध्यान आणि प्रार्थनेला गावोगावच्या शाखा मिळाल्या. त्याच माणसांनी सकाळी झाडू हातात घ्यायचा, गाव साफ करायचं, दारूबंदीसाठी उभं राहायचं. 1955 मध्ये आलेली ग्रामगीता 41 अध्यायांची आहे आणि त्यात सामुदायिक प्रार्थनेवर वेगळा अध्याय आहे. शौचालय, शेती, शिक्षण यांच्याच रांगेत प्रार्थना! त्याच वर्षी ते जपानला विश्वधर्म परिषदेसाठी गेले, तिथेही खंजिरी सोबत होतीच.

11 ऑक्टोबर 1968 ला मोझरीत त्यांचं निधन झालं. आजही पुण्यतिथी महोत्सवात लाखो लोक गुरुकुंजात जमतात. दुपारी बरोबर 4 वाजून 58 मिनिटांनी सगळे जागच्या जागी शांत उभे राहतात. चंद्रपूर-गडचिरोलीहून भगव्या टोप्या घालून आलेले गुरुदेवभक्तही त्या गर्दीत असतात. मौन संपतं, मग गावाकडच्या गाड्या धरायची घाई सुरू होते.